सेंट उडतं म्हणे

७ मार्च, रविवार. सकाळी ७.१५
आजपासून रोजनिशी. माणसाचा संग्रह एका दर्जाला पोचला की त्याची नोंद राहिली पाहिजे. मी गेल्यावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही. ही तर नाहीच. (ही म्हणजे बायको. नोंदीत स्पष्टता हवी.)

आजची स्थिती: जुन्या सेंटच्या बाटल्या एकोणीस. रबरी फुग्याचे फवारे चार, पैकी एकाचा फुगा कडक. पावडरचे चपटे डबे, झाकणात आरसा असलेले, सहा. चांदीच्या मुठीचा हातआरसा एक, तडा गेलेला. केसांचा ब्रश एक, त्यात कोणाचे तरी केस. लिपस्टिकच्या पितळी नळ्या दोन, रिकाम्या. सगळं चाळीस वर्षांहून जुनं. सगळं मागच्या खोलीत काचेच्या कपाटात. हिच्या मते सगळं भंगार. गाढवाला गुळाची चव काय! (हे तिला म्हणालो नाही.)

१८ एप्रिलला संग्राहक मंडळाचे सेक्रेटरी कपाट बघायला येणार. पसंत पडलं तर त्यांच्या प्रदर्शनात एक आख्खं टेबल माझं. सव्वीस वर्षं वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर म्हणून लोकांचे तराजू बघत हिंडलो. आता लोक माझं काहीतरी बघायला येतील.

संकल्प: दर रविवारी लेव्हल घेणे. ज्यांची काच आरपार आहे अशा अठरा बाटल्यांत सेंट किती, ते मिलिमीटरमध्ये. पट्टी स्टीलची, ऑफिसची. आजच्या लेव्हल घेतल्या. रजिस्टर वेगळं केलं. समाधान वाटलं.

९ मार्च, मंगळवार
सासूबाई आल्या. कायमच्या.

तीन महिन्यांपूर्वी बाथरूममध्ये पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. आता काठी घेऊन चालतात. डॉक्टर म्हणाले, एकटं राहायचं नाही आणि जिने चढायचे नाहीत. मेहुण्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आपण तळमजल्यावर. ही म्हणाली, लग्न झाल्यापासून तुमच्याकडे काही मागितलं नाही, एवढं एकच मागते. मी ताबडतोब होकार दिला. (दोन दिवस विचार करून.) मागची खोली त्यांना. अट एकच: कपाट हलणार नाही.

अंधारात त्या कपाटाला धडकू नयेत म्हणून कपाटाच्या आत शंभरचा बल्ब लावला. चाळीसचा आणला होता, पण त्याच्या उजेडात लेव्हल नीट दिसत नाही. बाटल्या काय झळकतात! सासूबाई बघतच राहिल्या. म्हणाल्या, गरम नाही का होणार. म्हटलं, आई, तुम्ही निश्चिंत राहा, कपाटाचं दार बंद असतं, तुम्हाला उकडणार नाही.

त्या रिटायर्ड विज्ञानशिक्षिका आहेत. प्रत्येक गोष्टीत प्रश्न काढायची सवय. सोडून देऊ.

१४ मार्च, रविवार. सकाळी ७.३०
लेव्हल घेतल्या.

अठराच्या अठरा बाटल्या उतरल्या आहेत! कोणी एक मिलिमीटर, कोणी दोन. पट्टी पुसून परत मोजल्या. तेच.

घाईने निष्कर्ष काढायचा नाही, हे खात्यात शिकलो. फक्त घटनाक्रम लिहून ठेवतो. मंगळवारी सासूबाई आल्या. रविवारी लेव्हल उतरल्या. त्या खोलीत दिवसभर दुसरं कोणी नसतं. यापुढे मी काही लिहीत नाही.

१६ मार्च, मंगळवार
दिवसभर पेट्रोलपंपावर. टाकीत माल कमी. मालक हात जोडून म्हणाला, साहेब, उन्हाने टाकी तापते, उडतं हो. सव्वीस वर्षं हेच ऐकतोय. उडतं! पंख फुटतात जणू. सगळे चोर एकाच शाळेत शिकलेत. केस केली.

संध्याकाळी जेवताना सहज विषय काढला. अगदी सहज. म्हटलं, काय गंमत आहे, बाटल्या आपोआप कमी होतायत. सासूबाईंनी घास खाली ठेवला आणि म्हणाल्या, उडतंय ते. बल्बने तापतंय. काढा तो बल्ब.

अक्षरशः पंपवाल्याचे शब्द! मला ठसकाच लागला. मी कोणाचं नावही घेतलं नव्हतं आणि सबब तयार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. शिवाय बल्ब काढा म्हणे. अंधार कोणाला हवा असतो, हे लहान पोरालाही कळतं.

संकल्प (सुधारित): आता लेव्हल रोज घेणे. नुसती उंची मोजून उपयोग नाही. चोर पाणी मिसळू शकतो. म्हणून प्रत्येक बाटलीचं बूच उघडून एकेक थेंब मनगटावर घेऊन वास ताडून बघणे. एकच थेंब, शास्त्रापुरता.

१९ मार्च, शुक्रवार
ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या क्लार्कबाईंनी आपलं टेबल ओढत खिडकीपाशी नेलं. साहेबांना चार शिंका. साहेब म्हणाले, कोणाचं लग्न आहे का. बाई (रजिस्टर त्यांना दाखवलं होतं) म्हणाल्या, एकाचं नाही, अठरांचं असावं. अडाणी लोक. अशा लोकांत नोकरी केली मी.

२१ मार्च, रविवार
लक्षणीय बाब. मी रोज मोजायला लागल्यापासून चोरी वाढली आहे. पूर्वी आठवड्याला दीड मिलिमीटर, आता तीन. चोर बिथरला आहे.

बल्ब आता चोवीस तास चालू. सासूबाई म्हणाल्या, निदान झोपताना बंद करा. मी कारण विचारलं. म्हणाल्या, झोप लागत नाही. मी हसलो. त्या आता डोळ्यांवर ओढणी बांधून झोपतात. ही म्हणाली, म्हाताऱ्या बाईचे हाल करताय. मी म्हटलं, ज्याचं मन साफ त्याला कुठेही झोप लागते. ही उठून गेली. दुसरा बल्ब लावला, खालच्या कप्प्यासाठी.

२४ मार्च, बुधवार
वासाची चाचणी घेतली.

मुद्दा साधा आहे. सेंट घेतलं तर अंगाला वास येणारच. सासूबाई पेपर वाचत बसल्या होत्या. मी मागून गेलो आणि कानामागे हुंगलं. दोनदा. त्या दचकल्या, चष्मा पडला. नेमकी ही दारात. मी म्हटलं, पेपरात काय आहे ते बघत होतो. ही म्हणाली, नाकाने?

निष्कर्ष: बामाचा उग्र वास. साधा बाम कोणी एवढा चोपडत नाही. दुसरा वास झाकायला चोपडला असणार. बाई हुशार आहेत, पण समोर कोण आहे हे त्यांना माहीत नाही.

२७ मार्च, शनिवार
सापळा क्र. १. प्रत्येक बुचावर एकेक केस आडवा ठेवला. बूच हललं की केस पडतो. केस माझेच वापरावे लागले. अठरा. मला ते परवडण्यासारखे नव्हते.

२८ मार्च, रविवार. सकाळी ७.५०
लेव्हल घेतल्या, वास ताडले, रजिस्टर भरलं, आणि मग केसांची आठवण झाली. बघतो तर एकही केस जागेवर नाही! अठराच्या अठरा बुचं उघडली गेली आहेत. एवढं धाडस?

हिला सांगायला गेलो. ही शांतपणे म्हणाली, बुचं आत्ता तुम्हीच उघडलीत ना. पण माझ्या आधी कोणी उघडली नव्हती हे ती सिद्ध करू शकते का? नाही. मग वाद कसला.

३१ मार्च, बुधवार
सापळा क्र. २, आणि त्याबद्दल झालेला विनाकारण तमाशा.

कपाटासमोर फरशीवर टाल्कम पावडर भुरभुरली. पाऊल उमटलंच पाहिजे. सहाला उठून गेलो, लेव्हल घेतल्या, वाकून बघतो तर स्पष्ट पावलं! नऊ नंबर. सासूबाईंचा पाच. माझा नऊ. म्हणजे त्या माझ्या स्लिपर घालून वावरतात. ही एवढी बारीक आखणी आपल्याला सुचली नसती, हे मान्य करतो.

मी मोजमाप घेत असतानाच त्या काठी टेकत बाथरूमकडे निघाल्या. फरशी गुळगुळीत, वर पावडर. काठी घसरली. मी हातातली पट्टी टाकेपर्यंत ही धावत आली आणि तिने आईला कमरेत धरलं. पडल्या नाहीत. पडल्या नाहीत, हे ध्यानात घ्यायला कोणी तयार नाही.

इतक्या वर्षांत हिचा असा आवाज ऐकला नाही. म्हणाली, आईचं हाड परत मोडलं असतं तर ती उठली नसती. म्हणाली, एकच गोष्ट मागितली होती मी. आता आणखी एकदा, फक्त एकदा तुम्ही आईच्या वाटेला गेलात, तर मी तिला घेऊन निघून जाईन.

सासूबाई हिला म्हणाल्या, अगं जाऊ दे, त्यांचा छंद आहे. हे बोलणं मला जास्त झोंबलं.

हिचा राग मी समजू शकतो. आई आहे तिची. पण माप नातं बघत नाही.

४ एप्रिल, रविवार
लेव्हल: महिन्याभरात सरासरी अकरा मिलिमीटर खाली. पिवळ्या लांबट बाटलीत तर तळाला चमचाभर उरलंय. सेक्रेटरी येणार चौदा दिवसांनी. त्यांना काय दाखवू, डबकी?

डोकं भणभणतंय. सेंटच्या वासाने असेल. हल्ली सगळ्या बाटल्यांचा वास एकसारखाच येतो, थोडा आंबट. चोर काय मिसळतोय कोण जाणे.

संकल्प: घरात या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. हिला शब्द दिला तसा. तपास मुका.

६ एप्रिल, मंगळवार. दुपारी
अर्धी रजा टाकून घरी आलो. ही सासूबाईंना घेऊन डॉक्टरकडे गेलेली. त्यांची कापडी पिशवी खाटेवर.

मी बोललो नाही. बोलणार नाही असाच शब्द होता. पिशवी बघणार नाही असा नव्हता.

आत: चष्म्याचं घर, रुमाल दोन, नातवंडांचे फोटो, डॉक्टरांचे कागद, शाळेने रिटायर होताना दिलेलं पेन, आणि एक छोटी बाटली. पिवळसर द्रव! बूच काढलं. हुंगलं. काही कळेना, म्हणून मनगटावर ओतलं.

गुडघ्याचं तेल.

मागे वळलो तर दोघी दारात. डॉक्टर लवकर मोकळे झाले म्हणे. माझ्या एका हातात बाटली, दुसऱ्यात नातवंडांचा फोटो. म्हटलं, तेल कमी झालंय, नवीन आणू का?

सासूबाई हळूहळू येऊन खाटेवर बसल्या. एकेक वस्तू पिशवीत परत ठेवली. पेन पुसून ठेवलं. बूच लावून बाटली ठेवली. मग मेहुण्याला फोन केला.

७ एप्रिल, बुधवार
मेहुणा गाडी घेऊन आला. माझ्याशी बोलला नाही. मीही त्याच्याशी बोललो नाही, पण माझं न बोलणं त्याच्या लक्षात आलं नसावं.

हिने चार कपडे भरले. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मान राखायचा असतो.

सासूबाई दारापाशी थांबल्या. म्हणाल्या, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, खरं तर पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं... मी हात वर केला. म्हटलं, आई, आता स्पष्टीकरण नको. माझ्या दृष्टीने विषय संपला. त्यांनी मान हलवली आणि निघाल्या. मी सभ्यपणे वागलो याचं समाधान आहे.

संध्याकाळी हिचा मेसेज: तीन जिने चढायला आईला पाऊण तास लागला. प्रत्येक वळणावर खुर्ची ठेवावी लागली. पुढे काही नाही.

८ एप्रिल, गुरुवार
सुंठीवाचून खोकला गेला. घर कसं शांत! मागची खोली पुन्हा मोकळी. आता लेव्हल जागच्या जागी राहतील आणि मग बघू कोण कोणाला काय म्हणतं ते.

सकाळचा चहा करपला. चहा करपू शकतो हे माहीत नव्हतं.

११ एप्रिल, रविवार
लेव्हल दोन मिलिमीटर खाली.

पुन्हा मोजल्या. दोन मिलिमीटर.

घरात मी एकटा. दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडे. आणि एक हिच्याकडे! हिच्याकडे म्हणजे मेहुण्याच्या घरात. आता सगळं स्पष्ट झालं. टोळी आहे.

१२ एप्रिल, सोमवार
कुलूप बदललं. कुलूपवाला म्हणाला, चोरी झाली का. म्हटलं, चालू आहे. काय काय गेलं, विचारतो. म्हटलं, तेरा मिलिमीटर. तो माझ्याकडे बघत हळूहळू मागे सरकला. घाईत हत्यारांची पेटी इथेच विसरून गेला.

१४ एप्रिल, बुधवार
नवीन कुलूप. खिडक्या बंद. एक मिलिमीटर.

वरच्या मजल्यावरचा भाडेकरू? छताला भोक वगैरे तर नाही? खुर्चीवर चढून बघितलं. नाही. खुर्ची मात्र डगडगते. पडलो असतो तर धरायला कोणी नव्हतं.

जेवण: काल बाहेरून आणलेलंच.

१८ एप्रिल, रविवार
आले सेक्रेटरी. बारीक, नीटनेटके, पांढरे हातमोजे. दारात पाऊल ठेवल्याबरोबर दोन पावलं मागे. विचारलं, तुम्ही काय लावलंय? म्हटलं, अठरा.

कपाट बघून हरखतील असं वाटलं होतं. त्यांनी काचेला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. दार उघडून एक बाटली हुंगली, दुसरी हुंगली, तिसरी हुंगलीच नाही. म्हणाले, अहो, तुम्ही तर शिजवलंत हे सगळं! जुनं सेंट उजेड आणि ऊब सोसत नाही. ते काळोखात ठेवायचं, थंडाव्यात, आणि बूच शक्यतो उघडायचंच नाही. ही काचेची बुचं नुसती टेकलेली असतात. रोज उघडली की उडणारच. मी म्हटलं, उडणार? ते म्हणाले, उडणारच की. सेंट उडतं म्हणून तर वास येतो.

जाताना म्हणाले, फवारे बरे आहेत, दोन घेऊ प्रदर्शनात. कोपऱ्यात जागा झाली तर. हा बल्ब लावायचा सल्ला ज्याने दिला तो तुमचा हितशत्रू समजा.

प्रश्न: सेक्रेटरी आणि सासूबाई यांची आधीपासून ओळख असेल का? वाक्यं फार जुळतात.

१९ एप्रिल, सोमवार
आता कोणाच्या तोंडी बोलण्यावर विश्वास नाही. चाचणी मी स्वतः घेतली, खात्याच्या पद्धतीने.

सकाळी १०.१०: एक बाटली, काचेचं बूच लावलेली, ऑफिसच्या बारीक तराजूवर तोलली. काचेच्या पेटीत शंभरच्या बल्बखाली ठेवली. पेटीला लाखेचं सील, माझा शिक्का. क्लार्कबाई पंच म्हणून. दिवसभर जागचा हललो नाही. डबा जागेवरच खाल्ला. (डब्यात बिस्किटं.)

संध्याकाळी ५.१०: सील शाबूत. फोडलं. तोललं.

चारशे मिलिग्रॅम कमी.

बाईंनी पंचनाम्यावर सही केली, नको तेवढ्या मोठ्या अक्षरात. म्हणाल्या, चोराला बेड्या घालू का बल्बला?

मग मी रजिस्टर काढून बसलो. १६ मार्चपासून कालपर्यंत चौतीस दिवस. रोज अठरा थेंब. सहाशे बारा. वीस थेंबांचा एक मिलिलीटर धरला तर तीस मिलिलीटर, म्हणजे एक आख्खी बाटली मी माझ्याच मनगटांना पाजली. कुंपणाने शेत खाल्लं. बाकीचं बल्बने.

पंपवाल्याची केस बघितली. परत ठेवली.

पावडरवरची पावलं नऊ नंबरची होती. ती माझीच होती, हो. हे त्या दिवशीही मला माहीत होतं बहुतेक. बहुतेक कशाला.

सासूबाईंची पिशवी सारखी डोळ्यांसमोर येते. पेन पुसून ठेवलं त्यांनी. मला लाज वाटते. हे एकदा लिहून टाकलं, बरं झालं.

२१ एप्रिल, बुधवार
माफीचा मसुदा.

पहिला: "दिनांक ६ रोजी घडलेल्या प्रकाराबाबत खेद व्यक्त करण्यात येत आहे." फार कोरडा.
दुसरा: "उभय पक्षांकडून झालेल्या गैरसमजामुळे." उभय? त्यांचा कसला गैरसमज? खोडला.
तिसरा दोन पानी झाला. त्यात तापमानाचा तक्ता आला. फाडला.
चौथा: आई, चुकलं माझं. घरी चला.

हाच. पाठ केला. आरशासमोर सात वेळा म्हटला. तडा गेलेल्या हातआरशातच म्हटला, घरात दुसरा आरसा हिच्या कपाटाला आहे आणि तिथे उभं राहवत नाही.

दोन्ही बल्ब काढले.

२४ एप्रिल, शनिवार. संध्याकाळी
मेहुण्याकडे गेलो होतो.

जिन्याच्या वळणावळणावर खुर्च्या अजून तशाच. पहिल्या वळणावर मीच बसलो. पायऱ्या उंच आहेत, कठडा हलतो. सासूबाई खिडकीपाशी बसलेल्या. सतरा दिवसांत खाली उतरलेल्या नाहीत. पूर्वी रोज सकाळ-संध्याकाळ आपल्या फाटकापर्यंत चालायच्या. पाय सुजलेत. ही बाजूला कपड्यांच्या घड्या घालत होती. माझ्याकडे बघितलं, पण उठून आत गेली नाही. शुभचिन्ह वाटलं.

मी घसा साफ केला. तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, थांबा, आधी माझं ऐका, मनाला लागून राहिलंय.

म्हणाल्या, तुमच्या घरी आले त्याच आठवड्यात, शुक्रवारी, यांची तिथी होती. (सासरे जाऊन अकरा वर्षं झाली.) आमची ही जन्मली तेव्हा यांनी मला सेंटची बाटली आणून दिली होती, निळी, अगदी तुमच्या कपाटात आहे तशीच. पहिल्या पगारवाढीतून. ती संपली तेव्हापासून तो वास मी घेतला नव्हता. त्या दिवशी दुपारी राहवलं नाही. तुमच्या निळ्या बाटलीचं बूच काढून एक थेंब कानामागे लावला. एकच. लगेच बंद केली. संध्याकाळी तुम्हाला सांगणारच होते, पण या वयात असला सोस, लाज वाटली. आणि मंगळवारी जेवताना तुम्ही लेव्हलचं काढून बसलात, मग धीरच होईना. निघताना सांगत होते, तुम्ही नको म्हणालात. तुम्ही माझ्यावर आळ घेतलात, पण अगदीच खोटा नव्हता तो. म्हणून मी गप्प राहिले.

ही हातातली घडी तशीच धरून आईकडे बघत होती. तिलाही हे माहीत नव्हतं.

निळी! माझ्याकडची ती एकच बाटली अशी, जिची काच गडद आहे, आत काही दिसत नाही, म्हणून रजिस्टरमध्ये तिची ओळच नाही. ज्या अठरा मी मोजत होतो त्यांना त्यांनी बोटही लावलं नव्हतं.

आता वाक्य म्हणायचं होतं. पाठ होतं. ओठांवर होतं. मी तोंड उघडलं आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने त्यातून बाहेर पडलं:

एक थेंब म्हणजे नेमकं किती?

मेहुण्याने टीव्ही बंद केला. सासूबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. हिने घडी खाली ठेवली, उठली, माझ्या चपला उचलल्या आणि दाराबाहेर ठेवल्या. तोंड जिन्याकडे करून.

तीन मजले उतरलो. खुर्च्या आडव्या येत होत्या.

२५ एप्रिल, रविवार. सकाळी ९.४०
आज लेव्हल घेतली नाही.

फोन वाजला. ही असेल म्हणून धावलो. सासूबाई. म्हणाल्या, काल तुम्ही न जेवता गेलात, मला बरं वाटलं नाही. जेवताय ना? म्हटलं, हो. म्हणाल्या, राहिलेल्या बाटल्यांची बुचं मेणाने बंद करा आणि खोक्यात भरून खाटेखाली ठेवा, वाचतील. म्हटलं, करतो. म्हणाल्या, मी आता इथेच राहीन म्हणते, जिन्याची काय ती सवय होईल. हिचं विचारलं. म्हणाल्या, तिचं तुम्ही तिलाच विचारा. मागे भांड्यांचा आवाज येत होता. ती फोनवर आली नाही.

मग म्हणाल्या, कालचं राहिलं ते आज बोलून टाकते. न विचारता तुमच्या वस्तूला हात लावला, माझं चुकलं. माफ करा मला.

आवाज बारीक झाला होता त्यांचा. मला भरून आलं. म्हटलं, असू द्या हो आई, माणसाच्या हातून होतं असं. मी काही मनात ठेवलेलं नाही. त्या म्हणाल्या, तुमचं मन मोठं आहे. फोन ठेवला.

बरं वाटलं. चहा टाकला. चांगला झाला. अर्धा कप झाल्यावर लक्षात आलं की माफी मी मागायची होती.

परत फोन लावला. तीनदा लावला. उचलत नाहीत.